कोट जागेवर आहे

मी एक जुना कोट आहे. करड्या रंगाचा, तीन बटणांचा, कोपरांवर झिजलेला. मित्रांनो, जुन्या छत्र्या, जुनी पुस्तके आणि मोडक्या खुर्च्या आपली कहाणी सांगतात तेव्हा हळू आवाजात सांगतात, मध्येच एक उसासा टाकतात आणि शेवटी 'आम्हाला जपा' म्हणून हात जोडतात. मला ते जमणार नाही. माझ्या बाह्यांत हातच नाहीत, तेव्हा जोडायचा प्रश्न येत नाही. आणि मुख्य म्हणजे मला राग आलेला आहे. माणसाला राग आला की तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणतात. मला तळपाय नाहीत, मस्तकही नाही, तरी ती आग कुठून तरी निघते आणि कॉलरपर्यंत येते. मग मी खिळ्यावर लटकल्या लटकल्या धुमसत राहतो. तेव्हा आधीच सांगून ठेवतो, गोड गोष्ट ऐकायची असेल तर शेजारच्या खिळ्यावरच्या छत्रीला विचारा.

माझा जन्म दुकानात झाला नाही. स्वयंपाकघराला लागून एक छोटी खोली होती, तिथे खिडकीखाली पायाने चालवायचे शिलाई मशीन होते. त्या मशीनवर एक बाई शेजारपाजारच्या बायकांचे कपडे शिवत असे. पुरुषाचा कोट तिने कधी शिवला नव्हता. पण तिच्या नवऱ्याला नवी नोकरी लागली होती आणि ते ऑफिस भलतेच थंडगार असते असे कळले होते. तयार कोट त्याला बसत नसत. वर्षानुवर्षे वाकून नकाशे काढल्यामुळे त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा उतरला होता. मग तिने स्वतःच कात्री हातात घेतली. दोनदा उसवले, तिसऱ्यांदा शिवले. उजव्या खांद्यात तिने डाव्यापेक्षा जाड पट्टी भरली, म्हणून मला घातले की तो अगदी सरळ दिसे. शिवणींत तिने भरपूर माया ठेवली. माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेले जास्तीचे कापड. 'चांगली नोकरी आहे, पोट सुटेल तुझं. तेव्हा उसवून मोठा करीन,' ती म्हणाली. तो आरशासमोर उभा राहून हसला. मीही ताठ झालो. तेव्हा मला वाटले होते की आता आपण जगात मिरवणार.

त्या माणसाला मी मालक म्हणत नाही. मालक हा शब्द मी पुढे इतक्यांदा आणि अशा तोंडांतून ऐकला की तो मला चावतो. मी त्याला 'माझा माणूस' म्हणतो. त्यांना एक मुलगी होती. रांगत्या वयात तिने आईच्या डब्यातले एक बटण गिळून सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळवले होते, तेव्हापासून तिचे नावच बटण पडले. म्हणून मला शिवणाऱ्या बाईला मी बटणची आई म्हणतो. घर एवढेच. आणखी कोणी नाही, आणि आणखी कोणी लागतही नव्हते.

आता ऑफिसची गोष्ट सांगतो. ते घरांचे नकाशे काढणारे ऑफिस होते. कोणाची खिडकी कुठे असावी, मुलांच्या खोलीत ऊन कधी यावे, जेवायच्या टेबलाभोवती चार खुर्च्या कशा मावतील, हे सगळे तिथे ठरे. हे ठरवणाऱ्यांना स्वतःच्या घरातले ऊन कधी दिसत नसे. खोली लांबलचक होती. एका टोकाला मोठ्या साहेबांची काचेची केबिन आणि दुसऱ्या टोकाला एक जड दार. त्या दाराआड जुन्या नकाशांच्या गुंडाळ्या उभ्या कपाटांत ठेवलेल्या होत्या. मधे टेबलांच्या रांगा. एसी माणसांसाठी नव्हताच, तो कॉम्प्युटर आणि छपाईच्या यंत्रांसाठी होता. यंत्रे तापू नयेत म्हणून माणसे कुडकुडत. त्यामुळे सगळ्यांकडे कोट असत आणि जागेवरून उठताना ते खुर्च्यांच्या पाठींवर टांगले जात.

मोठे साहेब वाईट बोलत नसत. हेच तर मला सहन होत नाही. ओरडला असता तर माणूस निदान ओरडणारा म्हणून ओळखू तरी आला असता. ते हसतमुख होते. संध्याकाळी केबिनच्या काचेशी उभे राहत आणि डोळ्यांनी खुर्च्या मोजल्यासारखे करत. एकदा सगळ्यांना जमवून ते म्हणाले, 'मी कोणाला बळजबरीने बसवत नाही हं. पण काय आहे, रिकामी खुर्ची दिसली की मला रिकामा माणूस दिसतो.' सगळे हसले. त्या दिवसापासून वेळेवर घरी जायची कोणाची छाती होईना. कोणी दिवस संपल्यावर पिशवी उचललीच, तर दुसरा लगेच म्हणे, 'काय, आज अर्धा दिवस का?' ही थट्टा साहेबांनी केलेली नव्हती. ती एकमेकांनीच एकमेकांची चालवली होती. घाण्याचे बैल निदान दुसऱ्या बैलाला 'थांबलास का' म्हणून विचारत नाहीत.

माझा माणूस मान खाली घालून बसे. काम संपलेले असे, तरी बसे. पूर्ण झालेल्या नकाशातली एक रेघ पुसायची आणि तीच पुन्हा काढायची, असे मी स्वतः पाहिले आहे. घरी जाईपर्यंत बटण झोपलेली असे. सकाळी ती शाळेला निघे तेव्हा तो झोपलेला असे. रविवारीही 'जरा डोकावून येतो' म्हणून जाई आणि दिवेलागणीला परते. त्याचे पोट सुटले नाहीच. उलट बटणच्या आईला मला दोन्ही बाजूंनी आत घ्यावे लागले. शिवण घालताना सुई जरा जोरात टोचत होती, ते मला कळले.

मग तो उंचीचा प्रकार झाला. शाळेत बाईंनी घरातल्या सगळ्यांची उंची मोजून आणायला सांगितली होती. बटणने आईच्या टेपने आईला मोजले, स्वतःला मोजले. बाबा झोपलेले होते. झोपलेल्या माणसाला उठवायचे नाही, हे तिला माहीत होते. तेव्हा ती माझ्याकडे आली. मी दाराजवळच्या खिळ्यावर होतो. तिने जमिनीपासून माझ्या कॉलरपर्यंत टेप लावला, वर डोक्यासाठी एक वीत धरली आणि तो आकडा बाबांची उंची म्हणून लिहून नेला. शाळेतल्या बाईंनी बरोबरची खूण केली. खिळा बऱ्यापैकी वर होता, त्यामुळे माझ्या माणसाची उंची चांगलीच वाढली होती.

तिला वाटले होते की आपण मोठी युक्ती केली. आईला तिने हसत हसत सांगितले. आई हसली नाही. त्या रविवारी माझा माणूस मला घालून दाराशी पोहोचला, तेव्हा ती आडवी उभी राहिली.

'तुझ्या मुलीने तुझी उंची मोजली. माहितीये का कशी?'

'कशी?'

'तुझ्या कोटाची मोजली. कारण कोट घरात जागा सापडतो, तू नाही.'

तो दाराला टेकला. मग म्हणाला, 'काय करू सांग. तिथे सगळे बसतात. मी एकटा उठलो तर डोळ्यांवर येतं.'

'साहेब बघतात काय नक्की? काम बघतात?'

'खुर्ची बघतात. खुर्चीवर कोट असला की त्यांना वाटतं माणूस इथेच कुठेतरी आहे.'

बटणची आई जवळ आली. मग तिने माझी तिन्ही बटणे काढली, मला त्याच्या अंगावरून उतरवले आणि घडी करून त्याच्या हातात ठेवले. 'त्यांना कोट हवाय ना? मग कोट त्यांना देऊन टाक. तिथेच राहू दे रात्रंदिवस. तू घरी ये.'

मित्रांनो, स्वतःच्या हातांनी शिवलेली वस्तू तिने अशी देऊन टाकली. मला वाईट वाटले का? वाटले. पण पटलेही. सोमवारपासून मी खुर्चीचा झालो. संध्याकाळ झाली की माझा माणूस एक गुंडाळी बगलेत मारून जड दाराकडे जाई, नकाशा आत ठेवी आणि तिथूनच मागच्या जिन्याने शर्टावरच घरी पसार होई. मी खुर्चीला मिठी मारून बसे. मोठे साहेब काचेतून बघत आणि समाधानाने मान हलवत. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याला सगळे मिशीवाले म्हणत. त्यांना ही युक्ती दोन-तीन दिवसांतच कळली, पण त्यांनी चहाडी केली नाही. जाता-येता मला ते डोळा मारत आणि हळूच विचारत, 'काय कोटसाहेब, ओव्हरटाइम का?'

ते माझे सर्वांत सुखाचे दिवस होते, जरी मी एकटा होतो. सकाळी माझा माणूस यायचा तेव्हा त्याच्या पँटच्या पायाला सायकलच्या साखळीचे काळे तेल लागलेले असे. तो बटणला सायकल शिकवत होता. कधी त्याच्या शर्टाला तळणीचा वास येई, कधी बाहीवर खडूचा डाग असे. तो मिशीवाल्यांना सांगे, 'काल पडली, पण रडली नाही. उठून सायकललाच लाथ मारली.' मी ऐकत असे. मला शिवताना जे व्हायचे ठरले होते ते हेच होते, असे मला वाटे. आणि काम? काम सगळे होत होते. वेळेवर होत होते. एक रेघ दोनदा काढायची वेळ येत नव्हती, एवढाच काय तो फरक.

पण लबाडाच्या घरी लबाडी करून कोणाचे भले झाले आहे? वर्ष संपताना मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या माणसाला बोलावले आणि वर्षाचा मानकरी ठरवले. म्हणाले, 'मी कधीही बाहेर येऊन बघितलं ना, तर ह्याचा कोट जागेवर! ह्याला म्हणतात निष्ठा.' टाळ्या पडल्या. मिशीवाल्यांना ठसका लागला. माझ्या माणसाचा फोटो भिंतीवर लागला आणि तो फोटोत इतका ओशाळलेला दिसत होता की बघणाऱ्यांना ती नम्रता वाटली. जाताना साहेबांनी खुर्चीपाशी थांबून माझ्या खांद्यावर थाप मारली. माणूस पलीकडे उभा होता. थाप मला मिळाली.

आणि दुसऱ्याच दिवशी एका मोठ्या वसाहतीचे काम त्याच्या टेबलावर येऊन पडले. 'एवढा वेळ बसतोसच, तर हेही घे. तुझ्याशिवाय कोणाला देणार?' साहेब म्हणाले. आता तो काय सांगणार होता? मी बसत नाही साहेब, माझा कोट बसतो? त्याने ते काम घेतले. साहेबांनी हिशेब असा केला होता की तिथे एक माणूस दोघांइतका वेळ काम करतो. त्यांतला एक माझा माणूस होता आणि दुसरा मी. मला तर रेघही ओढता येत नाही. माझ्या वाटचे कामही त्यालाच करावे लागले.

तो सगळ्यांच्या आधी येऊ लागला. डबा न उघडताच परत नेऊ लागला. मग संध्याकाळी थांबू लागला, आधी थोडा, मग खूप. सायकलच्या तेलाचा डाग दिसेनासा झाला. फोनवर बटणच्या आईचा आवाज मला एकदा स्पष्ट ऐकू आला, 'म्हणजे आता कोटही तिथे आणि तूही तिथेच. चांगला सौदा झाला.' तो 'हे एवढं संपू दे' म्हणाला. हे वाक्य त्या ऑफिसात रोज इतक्या तोंडांतून ऐकू येई की भिंतींनाही पाठ झाले असेल. ते 'एवढं' कधी संपलेले मी पाहिले नाही.

त्याच्या उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. तो हात झटके, माझ्या बाहीवर घासे आणि पुन्हा कामाला लागे. एकदा बोटांतून पेन्सिल गळून पडली आणि ती उचलायला त्याला तीनदा प्रयत्न करावा लागला. मिशीवाले म्हणाले, 'अरे दाखवून घे.' तो म्हणाला, 'झोप कमी पडते, बाकी काही नाही.' शेवटी बटणच्या आईनेच डॉक्टरांची दुपारची वेळ घेतली. त्याच्याकडून तिने वचन घेतले की तो ऑफिसमधून परस्पर दवाखान्यात येईल. ती बटणला घेऊन तिथे थांबणार होती. मिशीवाल्यांनाही त्याने सांगून ठेवले, 'आज दुपारी सटकतोय. कोट आहेच.'

त्या दिवशीचे मी जसेच्या तसे सांगतो. जेवणाची सुट्टी संपली. माझा माणूस उठला. वसाहतीच्या नकाशाची गुंडाळी बगलेत घेतली, मला खुर्चीवर सरळ केले आणि जड दाराकडे गेला. नेहमीसारखाच. नकाशा ठेवायचा आणि मागच्या जिन्याने खाली जायचे. दार त्याच्यामागे बंद झाले. आतून काही तरी पडल्यासारखा आवाज आला. गुंडाळ्या नेहमीच पडतात, कोणी मान वर केली नाही. मला मात्र तो आवाज कागदाचा वाटला नाही.

टेबलाखाली त्याची डब्याची पिशवी तशीच होती. डबा कधी विसरत नसे तो. त्या दिवशी गुंडाळी जड होती, ती ठेवून पिशवीसाठी परत येणार होता. आला नाही.

थोड्या वेळाने दवाखान्यातून फोन आला. फोन घेणारी ताई ऑफिसच्या दारातच बसते. तिने मान वाकडी करून खोलीत नजर टाकली. 'आहेत की, जागेवरच आहेत. कोट आहे,' ती म्हणाली.

आता नीट लक्ष द्या. पलीकडे बटणची आई होती. कोट आहे म्हणजे तो निघाला आहे, असाच अर्थ तिच्या घरात होता. तिने निश्चिंत होऊन फोन ठेवला. इकडे फोनवरच्या ताईला कोट दिसला, म्हणून माणूस ऑफिसात आहे असे तिला वाटले. मिशीवाल्यांना कोट दिसला, म्हणून तो दवाखान्यात गेला असे त्यांना वाटले. त्यांनी मला डोळाही मारला. मोठे साहेब फेरी मारून गेले, त्यांनाही कोट दिसला. ते ताईला म्हणाले, 'त्याला मध्ये उठवू नका हं, आज वसाहतीचं काम द्यायचंय.' ज्यांना युक्ती माहीत होती आणि ज्यांना माहीत नव्हती, सगळ्यांना माझ्याकडे बघून खात्री पटली. आणि तो एका दाराआड फरशीवर पडला होता.

चहा आला. कप त्याच्या टेबलावर ठेवला गेला. त्यावर साय धरली. नंतर दुसरा कप आला, तो पहिल्याच्या शेजारी ठेवला गेला. दोन भरलेले कप पाहूनही कोणाला काही वाटले नाही. मित्रांनो, मी तेव्हा किती ओरडलो असेन! पण कोटाला घसा नसतो. मला खुर्चीवरून खाली पडता आले असते तर मी पडलो असतो, निदान कोणी उचलायला तरी आले असते. मला इतके नीट टांगले होते की मी घसरलोही नाही.

दवाखान्यातून पुन्हा फोन आला. ताईचे उत्तर मला ऐकू येत होते. 'अहो वहिनी, आहेत ना. कोट दिसतोय मला इथून... नाही, साहेबांनी उठवायला नको सांगितलंय.' पलीकडचे बोलणे मला ऐकू आले नाही. फोन मात्र धाडकन बंद झाला.

ऊन उतरायच्या सुमाराला बटणची आई ऑफिसात आली. एका हातात दवाखान्याची फाइल, दुसऱ्या हातात बटण. चेहरा असा की शिपाई बाजूला झाला. बिचारी भांडायला आली होती. तिला वाटले होते की तो वचन मोडून कामातच बसला आहे. मोठे साहेब केबिनमधून हसत बाहेर आले.

'वहिनी, या ना. आज इकडे कुठे?'

'ते कुठे आहेत?'

'इथेच. कुठे जाणार? जागेवर आहे,' असे म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. मान वळवून त्यांनी पाहिलेसुद्धा नाही.

ती चालत आली. तिने दोन कप पाहिले. टेबलाखालची पिशवी पाहिली. मग तिने मला खुर्चीवरून उचलले आणि सगळ्या खोलीसमोर उंच धरले.

'हा मी शिवलाय,' ती म्हणाली. 'ह्यात माणूस नाहीये. माणूस कुठे आहे?'

मिशीवाले उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. 'वहिनी, तो तर केव्हाच... तुमच्याकडेच निघाला होता. जेवणानंतर लगेच. नकाशा ठेवून...' आणि बोलता बोलताच त्यांची नजर त्या जड दाराकडे गेली.

बटणची आई पळाली. मी तिच्या मुठीत होतो. दार तिने खांद्याने ढकलले. तो दोन कपाटांच्या मधे कुशीवर पडला होता. डोळे उघडे होते. तोंड एका बाजूला ओढले गेले होते. त्याला आम्ही दिसलो, हे मला कळले, कारण त्याचा डावा हात थोडासा हलला. उजवा हलला नाही. तिने मला गुंडाळून त्याच्या डोक्याखाली दिले. किती तरी महिन्यांनी मी खुर्ची सोडून त्याच्या अंगाला लागलो होतो, आणि तो भिजलेला होता, थंड फरशीवर घामाने भिजलेला. दारात बटण उभी होती. ती रडली नाही. तिने फक्त विचारले, 'आई, एवढा वेळ कोणीच आत बघितलं नाही?'

मिशीवाले रुग्णवाहिकेसाठी फोनकडे धावले.

तो वाचला. डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितले, 'मेंदूचा रक्तपुरवठा अडला होता. लगेच आणलं असतं तर हात वाचला असता असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण शक्यता खूप होती. मध्ये फार वेळ गेला.' वेळ! ज्या ऑफिसात माणसांचा वेळ चोरायला एवढी नजर ठेवत, तिथे एका माणसाचा खरा मोलाचा वेळ सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गेला. ज्या हाताने त्याने हजारो लोकांची घरे आखली, तो हात आता चमचा धरत नाही.

मोठे साहेब घरी भेटायला आले. फळांची करंडी आणली होती. मी तेव्हा पुन्हा माझ्या जुन्या खिळ्यावर आलो होतो, त्यामुळे सगळे ऐकले.

'काही काळजी करू नका वहिनी. पूर्ण बरा होऊ दे. खुर्ची त्याचीच आहे,' ते म्हणाले. मग जरा खाकरले. 'फक्त एक होतं. ते वसाहतीचं काम कॉम्प्युटरवर कुठे ठेवलंय, तेवढं त्याला विचारता येईल का? म्हणजे त्याला त्रास न देता.'

बटणची आई उठली. तिने मला खिळ्यावरून काढले, झटकले आणि साहेबांपुढे धरले. 'हा घेऊन जा. खुर्चीवर टाका. तुम्हाला एवढंच लागतं.'

'वहिनी, तुम्ही रागावलाय.'

'हो,' ती म्हणाली. 'रागावलेय.'

त्यांनी मला घेतले नाही. करंडी ठेवून गेले. बटणने त्यातले एकही फळ खाल्ले नाही.

पुढे मिशीवाले आले तेव्हा कळले की ऑफिसने ह्या प्रकारातून धडा घेतला आहे. कोणता? तर भिंतीवर सूचना लागली, 'सुरक्षेच्या कारणास्तव खुर्च्यांवर कोट, स्वेटर इत्यादी टांगू नयेत.' बस्स. आजार म्हशीला आणि औषध पखालीला! वेळेवर घरी जा, असे कोणी लिहिले नाही. दोघांचे काम एकाला देऊ नका, असे कोणी लिहिले नाही. चूक सापडली ती माझी. गुन्हेगार म्हणून कोट पकडला गेला. वसाहतीचे काम आता मिशीवाल्यांच्या गळ्यात आहे. 'मग तुम्ही काय करता?' बटणच्या आईने त्यांना विचारले. त्यांनी खाली बघत सांगितले, 'उघडा डबा आणि अर्धा चहा टेबलावर ठेवून जातो.' आणि मग ते एवढे मोठे मिशीवाले हुंदके देऊन रडले. 'मला वाटलं तो गेला, वहिनी. मी त्याच्या कोटाला डोळा मारला हो!' बटणच्या आईने त्यांना पाणी दिले आणि म्हणाली, 'आजपासून डबा घेऊन घरी जा. बंद करून.' ते गेले का, मला माहीत नाही. मी विचारायला जाऊ शकत नाही.

माझा माणूस आता घरी असतो. डाव्या हाताने रेघ मारायला शिकतो आहे. रेघ वाकडी येते, मग तो चिडतो, कागद भिरकावतो आणि बटण तो उचलून आणते. परवा थंडी होती म्हणून त्याने मला मागितले. तान्ह्या बाळाला घालावी तशी उजवी बाही बटणच्या आईने चढवली. बटणे बटणने लावली. तेवढ्यात तिला काय आठवले कोणास ठाऊक, ती धावत जाऊन टेप घेऊन आली. 'बाबा, भिंतीला टेकून उभा राहा. हलू नको.' तो उभा राहिला, थोडा डावीकडे कलून. तिने स्टुलावर चढून टेप लावला, आकडा पाहिला आणि ओरडली, 'बाबा! मी शाळेत सांगितलं त्यापेक्षा तू बराच बुटका आहेस!'

तो हसला. तोंड अजून एका बाजूने हसते. बटणची आई मशीनवरून उठून आली आणि तीही हसली. कितीतरी दिवसांनी ती हसली. माझ्या आत माणूस होता, ऊब होती. पण माझा राग गेला नाही. जाऊही नये, असे मला वाटते.

तर मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे काही तरी मागतात. मी स्वतःसाठी काही मागत नाही. मला जपू नका. मला कसर लागली तरी चालेल, माझे फडके करून सायकल पुसली तर फारच छान. तुमच्या घरातले कोणी रोज 'हे एवढं संपू दे' म्हणत असेल, तर त्याला हाताला धरून घरी आणा, हात अजून धरता येतो आहे तोवर. तो रागावेल. तुम्हीही रागवा. आणि उद्या मोठे होऊन कुठल्या ऑफिसात गेलात आणि कोणी तुम्हाला न बघताच सांगितले की 'आहेत की, जागेवरच आहेत', तर त्यावर विश्वास ठेवू नका. उठा, खुर्चीपर्यंत चालत जा आणि कोट उचलून बघा.